टॅबलेट हाती, लॅपटॉप कपाटात?

गेल्या वर्षी मुलीने मला टॅबलेट भेट दिला. सोबत चुंबकाने चिकटणारा कीबोर्ड आणि लेखणी. "बाबा, आता ते जड धूड घेऊन हिंडू नका," असा तिचा आग्रह. साठी उलटलेल्या खांद्याला तो पटला आणि लॅपटॉप कपाटात गेला.

प्रारंभीचे दिवस सुखाचे होते. रुग्णाच्या खाटेशी बसून पडद्यावर हृदयाची आकृती काढावी, अडलेली रक्तवाहिनी लाल रेघेने दाखवावी. नातेवाइकांच्या चेहऱ्यावरचा संभ्रम पाहता पाहता मावळे. २०१० साली पहिला आयपॅड आला, तेव्हा मी त्याला श्रीमंतांचे खेळणे म्हटले होते. ते मत आज मागे घेतो.

परंतु टॅबलेट लॅपटॉपची जागा घेईल, हे मला मान्य नाही. डिस्चार्ज कार्ड लिहिताना एकीकडे तपासण्यांचे अहवाल, दुसरीकडे चालू औषधांची यादी आणि मध्ये आपला मजकूर असा पसारा डोळ्यांसमोर लागतो. एका रात्री कीबोर्ड घरी राहिला. पडद्यावरच्या कळांनी निम्मे पान झाकलेले आणि मी घाईत. १२.५ मिलिग्रॅम लिहिताना बिंदू निसटला, १२५ झाले. "सर, एवढा डोस?" असे सिस्टरांनी विचारले म्हणून निभावले. चूक सर्वस्वी माझी. पण संपूर्ण पान समोर असते, तर ती ओळ मी पुन्हा वाचली असती.

शिवाय देवास, धार, खरगोनकडून इंदूरला येणारे रुग्ण अजूनही सीटी स्कॅनची सीडी पिशवीतून आणतात. तिच्यातला चित्रे दाखविणारा प्रोग्रॅम बहुधा विंडोजसाठीच केलेला असतो. लॅपटॉपला बाहेरून ड्राइव्ह जोडला की काम होते. माझ्या टॅबलेटपुढे ती सीडी म्हणजे नुसती चकती!

आणखी एक. संध्याकाळी हाच टॅबलेट नातवाच्या हाती जातो. ज्यात तो कार्टून पाहतो, त्यातच माझ्या रुग्णांचे अहवाल! व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला खरा, परंतु रुग्णाचे गुपित जपण्याची आपली शपथ त्याहून कितीतरी जुनी आहे.

नवा दवाखाना थाटणाऱ्या तरुण डॉक्टरमित्रांनी एकच यंत्र घ्यायचे असेल, तर लॅपटॉपच घ्यावा. टॅबलेट मागाहून, राउंडसाठी.

माझा लॅपटॉप कपाटातून बाहेर आला आहे. मुलीला अद्याप सांगितलेले नाही. ही स्मरणिका तिच्या हाती पडेल तेव्हा कळेलच.