विम्याची रक्कम नंतर, आधी रुग्णालय

सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू लागले. तोफा, दारूगोळा आणि लष्करी वाहनांचे कारखाने, रेल्वे, वीज मंडळ आणि उच्च न्यायालय यांच्या जबलपुरात पेन्शनरांची वस्ती मोठी. त्यांना मिळणारा सोपा सल्ला असा : पहिले पाच लाख सरकारचे, त्यावर पाच लाख डिडक्टिबलचा स्वस्त सुपर टॉप-अप, म्हणजे वर्षाचा खर्च पाच लाखांपुढे गेल्यावरच वरची रक्कम देणारी पॉलिसी, घ्या आणि निर्धास्त राहा. कागदावर हा हिशेब चोख बसतो. रुग्णालयाच्या बिलावर मात्र तो बहुतेक वेळा बसत नाही.

कारण आयुष्मानची खरी मर्यादा रकमेची नाही, रुग्णालयाची आहे. योजनेतल्या रुग्णालयात उपचाराचे पॅकेज ठरलेले असते. त्यात खाट, शस्त्रक्रिया, औषधे आणि घरी गेल्यावरचे पंधरा दिवसही येतात. तिथे बिल पाच लाखांवर जाण्याची वेळ क्वचितच येते. समजा, रुग्णाला नागपूरच्या एखाद्या रुग्णालयात हलवले, ते योजनेत नाही आणि बिल चार लाख झाले. आयुष्मानकडून शून्य. पाच लाखांचा उंबरठा ओलांडला नाही म्हणून विमा कंपनीकडूनही शून्य. दोन-दोन कवचे असून चारही लाख घरातूनच गेले. डिडक्टिबल दोन लाख असते, तर पॉलिसीच्या अटींत बसणारे उरलेले दोन लाख कंपनीने दिले असते. म्हणून डिडक्टिबल ठरवताना सरकारी कार्डावरचा आकडा पाहू नये. अडचणीच्या वेळी आपण स्वतः किती रक्कम उभी करू शकतो, ते पाहावे.

केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेतल्या, म्हणजे सीजीएचएसच्या, पेन्शनरांचे गणित वेगळे. त्यांना दवाखान्यातला सल्ला आणि रोजची औषधेही मिळतात. आयुष्मानमध्ये फक्त भरती झाल्यावरचा खर्च. दोन्हींपैकी एकच योजना निवडावी लागते, त्यामुळे नव्या कार्डाच्या मोहाने रक्तदाब-मधुमेहाच्या कायमच्या गोळ्यांवर पाणी सोडणे तोट्याचे. त्यांची खरी उणीव म्हणजे सीजीएचएसचा दर आणि प्रत्यक्ष बिल यांतला फरक. तिथे खासगी पॉलिसी उपयोगी पडते, कारण एकूण परतावा खर्चापेक्षा जास्त होत नसेल तर दोन्हीकडे दावा करता येतो.

या वयात प्रीमियम भरण्यापेक्षा तेवढी रक्कम मुदत ठेवीत टाकावी, असा आक्षेप येतो आणि तो निराधार नाही. आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, आणि सत्तरीत बहुतेकांना एखादा तरी जुना आजार असतोच. मात्र ठेव दोन लाखांचा खर्च पेलते, अतिदक्षता विभागातला महिना पेलत नाही. म्हणून ठेव डिडक्टिबलसाठी आणि पॉलिसी त्यापुढच्या खर्चासाठी, अशी वाटणी शहाणपणाची. नियमही थोडे अनुकूल झाले आहेत. एप्रिल २०२४ पासून पॉलिसी घेण्यावरची ६५ वर्षांची अट गेली, जानेवारी २०२५ पासून ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवण्याआधी कंपनीला विमा नियामकाशी सल्लामसलत करावी लागते, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला.

तरीही प्रत्येकाने पॉलिसी घ्यावीच, असे नाही. अडीअडचणीला कुठे जाणार, त्या तीन-चार रुग्णालयांची नावे आधी लिहून काढावीत. ती सगळी आयुष्मानमध्ये असतील आणि प्रीमियमने पेन्शनला ओढ लागत असेल, तर तो पैसा औषधे आणि तपासण्यांसाठी राखणे अधिक बरे. त्यांतली निम्मी योजनेबाहेर असतील, तर कमी डिडक्टिबलचा सुपर टॉप-अप घ्यावा आणि प्रस्ताव अर्जात एकही आजार लपवू नये. दावा फेटाळला जाण्याची सुरुवात अनेकदा तिथेच होते.