चिकटपट्टीलाही वय असतं!



"टेपला कसली आलीय एक्सपायरी?" हे वाक्य आमच्या यवतमध्ये दुकानातही ऐकू येतं आणि घरातही. माझं स्पष्ट म्हणणं : असते!

सेलोफेनची चिकटपट्टी अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीच्या रिचर्ड ड्रू यांनी १९३० मध्ये तयार केली. तिचा चिकट थर रबराचा. हवा, ऊन आणि उष्णता लागून तो आधी लिबलिबीत होतो, मग पिवळा पडून वाळतो. म्हणून टेप बनवणारे सहसा सांगतात : २१ अंशांच्या आसपास, ५० टक्के आर्द्रतेत ठेवा, वर्ष-दोन वर्षांत संपवा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो, आणि रोल कुठे? पत्र्याखाली, नाहीतर खिडकीत!

रोल वाया गेला तर चार पैसे गेले. पण हीच पट्टी आपण आजोबांच्या खरेदीखतावर, जुन्या सातबाऱ्यावर, शाळेच्या दाखल्यावर मारतो. काही वर्षांनी पट्टी गळते, चिकटा मात्र कागदात मुरून बसतो. तो डाग सहजी निघत नाही. याला का दुरुस्ती म्हणायचं? जुने ग्रंथ जपणारे जाणकार पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात. ती पुढे पाण्याने सोडवता येते.

तेव्हा रोलवर खरेदीची तारीख लिहा, पिशवीत घालून कपाटात आडवा ठेवा, लागेल तेवढाच आणा. खोक्यांना खुशाल चिकटवा. वाडवडिलांचा कागद फाटला तर तुकडे स्वच्छ पाकिटात जपा, पण त्याला टेप लावू नका!