पोरांच्या मोबाईलचा नियम पोरांना विचारूनच करावा

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. 2022 च्या ऑगस्टपासून तेथे सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला आणि साडेआठपर्यंत घराघरांतील टीव्ही, मोबाईल बंद राहू लागले. कोरोनाच्या काळात शाळा मोबाईलवर भरली. पुढे शाळा उघडल्या तरी पोरांच्या हातचा मोबाईल सुटेना, अशी शिक्षकांची तक्रार होती. नुसत्या भोंग्याने भागले नाही. आशाताई, अंगणवाडी सेविका, निवृत्त गुरुजी घरोघरी फिरले. त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी (ता. पुसद) येथील ग्रामसभेने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदीच केली.

दोन्ही गावांची तळमळ खरी. पण आपल्या भागाला वडगावची वाट बरी, असे माझे मत आहे. तेथे आई-बापाचाही टीव्ही बंद होतो. बंदी फक्त पोरांवर आणि बाप खाटेवर पडून रील पाहतो, असला कायदा कोणता पोट्टा मानेल?

शिवाय आपल्याकडे पोरांच्या हातचा मोबाईल म्हणजे निव्वळ खेळणे नाही. 2021 साली ई-पीक पाहणी आली. बांधीत उभे राहून धानाचा फोटो टाकायचे काम कितीतरी घरांत आठवी-नववीतली पोरगीच करते. विजेचा इशारा देणारे 'दामिनी' ॲप रोवणीच्या दिवसांत तीच उघडून दाखवते. ओटीपी कोणाला सांगू नये, हेही बापापेक्षा तिलाच जास्त कळते. तिला सरसकट बंदी केली तर सातबाऱ्यावर धान चढवणार कोण?

धोकाही आपल्याकडचा वेगळा आहे. जंगलालगतच्या कितीतरी गावांत घरात रेंज येत नाही. मग पोट्टे सांजेला तळ्याच्या पारीवर, नाहीतर गावाबाहेरच्या टेकाडावर जाऊन बसतात. मान खाली, कानात वायर. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या भागात वाघाने माणूस मारल्याच्या बातम्या आपण वाचतोच. अभ्यास बुडतो तो बुडतोच, येथे जिवाशी गाठ आहे.

म्हणून नियम हवाच. पण सांगलीचा भोंगा उचलून येथे बसवता येणार नाही. रोवणीत बाया दिवेलागणीला बांधीतून परततात, तेव्हा कुठे चूल पेटते. रात्री जागलीला जाणाऱ्याजवळ तर फोन असलाच पाहिजे. आश्रमशाळेतली मुले सुटीत घरी येतात, त्यांचे आणखी निराळे. हे बारकावे एकट्या गुरुजींना जमायचे नाहीत, ग्रामपंचायतीलाही नाही. कोण कुठे बसून काय पाहतो, हे खरे पोरांनाच ठाऊक. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांबरोबर विद्यार्थ्यांचेही प्रतिनिधी असतात, पण त्यांना विचारतो कोण? बहुतेक ठिकाणी बैठक म्हणजे सह्या आणि चहा.

बाहेर शिकायला जाण्याचीही गरज नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने 2009 साली सामूहिक वनहक्क मिळवला. तेथे विषय आधी अभ्यासगटात चघळला जातो, मग ग्रामसभेत सर्वांच्या संमतीने ठरतो. बहुमताने रेटून नेत नाहीत. जंगलाचा निर्णय असा होतो, तर मोबाईलचा का होऊ नये? शाळेत सातवी ते दहावीच्या पोरापोरींची बालसभा घ्या. रेंजची जागा कुठे, परतायची वेळ कोणती, आठवड्यातून किती वेळ घरच्या कामाचा मोबाईल आणि किती वेळ खेळाचा, हे त्यांनाच मांडू द्या. ग्रामपंचायतीच्या इमारतीत वायफाय असेल तर संध्याकाळी एक खोली दिव्यासह उघडी ठेवा, म्हणजे पारीवर जायचे कारण उरणार नाही. आणि मोठ्यांनी काय बंद ठेवावे, हेही पोरांना बोलू द्या. थोडे झोंबेल.

यासाठी 2 ऑक्टोबरची ग्रामसभा सोयीची. रोवणी आटोपलेली असते, भारी धानाची कापणी लागायची असते. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी विषयपत्रिकेवर हा विषय आताच घ्यावा आणि मुख्याध्यापकांनी त्याआधीच्या आठवड्यात बालसभा उरकून पोरांचे दोन प्रतिनिधी ग्रामसभेत बोलायला पाठवावेत.