विश्लेषण : खारपाणपट्ट्यातील मुलांची प्रयोगशाळा स्वयंपाकघरात का हवी?

घरगुती विज्ञानप्रयोग म्हटले की खाण्याचा सोडा, व्हिनेगर आणि फेसाळणारा ‘ज्वालामुखी’ आठवतो. विज्ञान प्रदर्शनात त्याला टाळ्याही मिळतात. पण अकोल्याच्या मुलांसाठी त्याहून जवळचा विषय घरात रोज भरला जातो. तो म्हणजे पाणी.

पाणीच का?

पूर्णा खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांचा मोठा भाग खारपाणपट्ट्यात येतो. इथले भूजल क्षारयुक्त आहे. साबणाला फेस धरत नाही, तुरीची डाळ शिजता शिजत नाही, हे घरोघरी ठाऊक असते. पाठ्यपुस्तकात मात्र ‘दुष्फेन पाणी’ ही व्याख्या असते. ती पाठ करणाऱ्या मुलाला आपल्याच विहिरीचे पाणी आठवत नसेल, तर शिकवण्यात काहीतरी चुकते आहे.

प्रयोग कोणते?

एकसारख्या दोन बाटल्या घ्याव्यात. एकीत बोअरचे, दुसरीत तेवढेच पावसाचे पाणी भरावे. अंगाच्या साबणाचा कीस पाण्यात विरघळवून त्याचे थेंब मोजून टाकावेत आणि बाटली हलवावी. फेस टिकायला कुठे किती थेंब लागले, हे लिहून ठेवावे. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी संयोग पावून साका तयार करतात. ते संपेपर्यंत फेस येत नाही. कपड्यांची पावडर वापरली, तर हा फरक नीट दिसत नाही.

दुसरा प्रयोग उन्हाळ्याचा. स्टीलच्या दोन ताटल्यांत अर्धी-अर्धी वाटी पाणी, एकीत बोअरचे, दुसरीत साठवलेले पावसाचे किंवा फिल्टरचे, उन्हात ठेवावे. अकोल्याच्या मे महिन्यात फार वाट पाहावी लागत नाही. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. कोणत्या ताटलीत पांढरा थर जाड असेल, याचा अंदाज मुलांनी आधीच वहीत लिहावा. अंदाज चुकला, तर शिकणे तिथूनच सुरू होते.

याला आधार काय?

हा मार्ग नवा नाही. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने खेड्यातील शाळांत स्वस्त, स्थानिक साहित्यातून विज्ञान शिकवले. त्याच्याशी जोडले गेलेले अभियंते अरविंद गुप्ता यांनी पुढे पुण्याच्या ‘आयुका’तील मुलांच्या विज्ञान केंद्रात टाकाऊ वस्तूंपासून खेळणी घडवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मर्यादा कोणती?

फेस आला म्हणजे पाणी पिण्यायोग्य, असा निष्कर्ष काढू नये. फ्लोराइड, नायट्रेट किंवा जंतू साबणाने कळत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळेतील तपासणीच हवी. पण ती तपासणी मागायची असते, हे कळण्यासाठी आधी प्रश्न पडावा लागतो. ताटलीतला पांढरा थर बोटाने खरवडणाऱ्या मुलाला तो पडतो. शाळांनी वर्षातून एका प्रदर्शनापेक्षा आठवड्यातून अशी एक तासिका द्यावी. त्यासाठी लागते ते साहित्य प्रत्येक घरात आहे.