फौजी अधिकाऱ्याची वर्दी घरात ठेवता येते, मग घालता किंवा विकता येते का?

5 जून 2019. वर्ल्ड कपमधली भारताची पहिली मॅच, समोर दक्षिण आफ्रिका. विकेटकीपिंग करणाऱ्या महेंद्रसिंग धोनीच्या ग्लोव्ह्जवर एक चिन्ह दिसलं आणि सोशल मीडियावर त्याचीच चर्चा सुरू झाली. ते होतं भारतीय सैन्याच्या पॅरा स्पेशल फोर्सेसचं 'बलिदान' चिन्ह. आयसीसीने ते काढायला सांगितलं, बीसीसीआयने परवानगी मागितली, ती मिळाली नाही.

आज हेच चिन्ह टी-शर्टवर, कॅपवर आणि बुलेटच्या टाकीवर सर्रास दिसतं. विकत घ्यायला काही शे रुपये पुरतात. खरा बलिदान बॅज मात्र स्पेशल फोर्सेसचं खडतर प्रोबेशन पार केल्याशिवाय छातीवर लागत नाही.

बाजारात नकली वस्तूंचा असा सुकाळ असताना खऱ्या वस्तू बऱ्याचदा घरातल्या काळ्या पत्र्याच्या ट्रंकेत पडून असतात. पुण्यात एनडीए आहे, दक्षिण कमांडचं मुख्यालय आहे आणि निवृत्तीनंतर इथेच घर केलेले असंख्य फौजी अधिकारी आहेत. ते गेल्यावर त्यांच्या ट्रंकेतल्या वर्दीचं काय करायचं, हा प्रश्न मुलांपुढे उभा राहतो. मुलं परदेशात असतील तर ट्रंक भंगारवाल्याकडे जाते किंवा जुन्या वस्तू घेणाऱ्याकडे.

अशा वस्तू जमवणं हा जगभरातला जुना छंद आहे. पण भारतात ठेवणं, घालणं आणि विकणं या तिन्हींचे नियम वेगवेगळे आहेत.

युनिफॉर्म सरकारचा नसतो का?

जवानाला वर्दी बहुतांशी सैन्याकडून मिळते. अधिकारी आपले बरेचसे युनिफॉर्म स्वतःच्या खर्चाने शिवून घेतो आणि त्यासाठी त्याला भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर अधिकाऱ्यांसाठी हा ड्रेस भत्ता वर्षाला 20,000 रुपये ठरवण्यात आला, पुढे महागाई भत्त्यासोबत तो वाढला.

त्यामुळे 30-35 वर्षं नोकरी केलेल्या अधिकाऱ्याच्या घरी बराच साठा होतो. रोजची वर्दी, समारंभाची वर्दी, मेसमध्ये रात्रीच्या जेवणाला घालायचा मेस ड्रेस, बेरे कॅप, बेल्ट, खांद्यावरची चिन्हं, पदकं आणि मेस ड्रेसवर लावायच्या त्याच पदकांच्या छोट्या प्रती, असं सगळं त्यात असतं.

वर्दीवरून माणूस कसा 'वाचतात'?

सुरुवात डोक्यापासून. बेरेचा रंग मरून असेल तर पॅराशूट रेजिमेंट, काळा असेल तर रणगाडे चालवणारं आर्मर्ड कोअर, गडद हिरवा असेल तर इन्फंट्री. रेजिमेंट नेमकी कोणती, ते बेरेवरचं चिन्ह सांगतं. बटणंसुद्धा बोलतात. गढवाल रायफल्स किंवा गोरखा रायफल्ससारख्या रायफल रेजिमेंटची बटणं आणि चिन्हं काळी असतात.

मग खांदा. दोन तारे म्हणजे लेफ्टनंट, तीन तारे म्हणजे कॅप्टन. नुसती अशोकाची सिंहमुद्रा असेल तर मेजर. मुद्रेसोबत एक तारा आला की लेफ्टनंट कर्नल, दोन आले की कर्नल, तीन आले की ब्रिगेडियर. तलवार आणि बॅटनची फुली दिसली की तो मेजर जनरल किंवा त्याहून वरचा अधिकारी. कर्नलपासून पुढे कॉलरवरही पट्टी येते, ती सहसा लाल असते.

याच चिन्हांवरून काळही कळतो. 26 जानेवारी 1950 ला भारत प्रजासत्ताक झाला आणि ब्रिटिश मुकुटाच्या जागी अशोकाची मुद्रा आली, ताऱ्यांचा नमुनाही बदलला. त्यामुळे चाळीसच्या दशकात कमिशन मिळालेल्या अधिकाऱ्याच्या ट्रंकेत दोन्ही राजवटींची चिन्हं सापडू शकतात.

सगळ्यात जास्त माहिती मात्र छातीवरच्या रंगीत रिबनमध्ये असते. समजा, एका पट्टीवर 1971 च्या युद्धकाळातलं संग्राम मेडल, स्वातंत्र्याच्या 25 व्या आणि 50 व्या वर्षाची पदकं आहेत. याचा अर्थ हा माणूस 1972 मध्ये फौजेत होता आणि 1997 मध्येही होता. म्हणजे किमान 25 वर्षांची नोकरी. शेजारी पूर्वी स्टार असेल तर तो 1971 मध्ये पूर्व आघाडीवर होता, पश्चिमी स्टार असेल तर पश्चिम आघाडीवर. नऊ, वीस आणि तीस वर्षांच्या सेवेची पदकंही वेगवेगळी असतात.

शौर्यपदक दुसऱ्यांदा मिळालं तर दुसरं पदक लावत नाहीत, त्याच रिबनवर 'बार' येतो. जनरल अरुणकुमार वैद्य हे याचं मराठी माणसाला जवळचं उदाहरण. 1965 च्या युद्धात डेक्कन हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचं नेतृत्व करताना त्यांना महावीर चक्र मिळालं. 1971 मध्ये आर्मर्ड ब्रिगेडचं नेतृत्व करताना पुन्हा तेच पदक मिळालं. पुढे ते लष्करप्रमुख झाले आणि निवृत्तीनंतर 10 ऑगस्ट 1986 ला पुण्यात त्यांची हत्या झाली. काळी बेरे, एक रिबन आणि त्यावरचा बार, एवढ्यातून दोन युद्धं कळतात.

पदकाची कडही बघायला हवी. तिथे ज्याला पदक मिळालं त्याचा सैन्य क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. क्रमांकाची सुरुवात 'आयसी'ने होत असेल तर तो कायमस्वरूपी कमिशन असलेला, म्हणजे आयुष्यभराचं करिअर सैन्यात केलेला अधिकारी असण्याची शक्यता मोठी. 'एसएस' म्हणजे शॉर्ट सर्व्हिस. 'ईसी' म्हणजे आणीबाणीच्या काळातलं कमिशन, 1962 च्या चीन युद्धानंतर अशी मोठी भरती झाली होती.

2023 मध्ये काय बदललं?

1 ऑगस्ट 2023 पासून ब्रिगेडियर आणि त्यावरच्या सगळ्या अधिकाऱ्यांची वर्दी एकसारखी झाली. बेरे, खांद्यावरची चिन्हं, कॉलरवरच्या पट्ट्या, बेल्ट आणि बूट सगळ्यांना सारखेच. खांद्याभोवतीची लॅनयार्ड म्हणजे रेजिमेंटची दोरी बंद झाली. या हुद्द्यावरचा अधिकारी वेगवेगळ्या रेजिमेंटच्या सैनिकांचं नेतृत्व करतो, त्यामुळे एकाच रेजिमेंटची ओळख नको, अशी त्यामागची भूमिका होती. कर्नलपर्यंतच्या वर्दीत बदल झाला नाही.

याचा एक परिणाम असा की, जुन्या ब्रिगेडियर किंवा जनरलच्या वर्दीवरून त्याची मूळ रेजिमेंट सांगता यायची, नव्या वर्दीवरून ती सांगणं कठीण. 2023 च्या आधीच्या या वर्द्या आता इतिहासजमा झाल्यात.

कायदा काय म्हणतो?

*ठेवणं:* वडिलांची किंवा आजोबांची वर्दी आणि पदकं आठवण म्हणून घरात ठेवणं गुन्हा नाही. ट्रंकेत जिवंत काडतूस निघालं तर मात्र तो शस्त्र कायद्याचा विषय होतो आणि पोलिसांना कळवणं हाच मार्ग उरतो.

*घालणं:* भारतीय न्याय संहितेचं कलम 168 यासाठी आहे. सैनिक नसताना, लोकांनी आपल्याला सैनिक समजावं या हेतूने तसा पोशाख किंवा चिन्ह वापरलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, 2,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलमात 'हेतू' महत्त्वाचा आहे. संरक्षित ठिकाणी घुसण्यासाठी किंवा देशाच्या सुरक्षेला बाधा येईल अशा कामासाठी वर्दी वापरली तर शासकीय गुपिते कायदा, 1923 लागतो आणि शिक्षा बरीच वाढते.

जानेवारी 2016 मधल्या पठाणकोट हल्ल्यानंतर सैन्याने सामान्य लोकांना फौजी धाटणीचे कपडे न घालण्याचं आणि दुकानदारांना ते न विकण्याचं आवाहन केलं होतं. हल्लेखोर सैन्याच्या वर्दीत होते, हे त्यामागचं कारण.

*विकणं:* इथे वस्तू कोणती आणि विकणारा कोण, हे बघावं लागतं. 15 जानेवारी 2022 ला आर्मी डेच्या परेडमध्ये नवी डिजिटल प्रिंटची लढाऊ वर्दी दिसली. ती निफ्टच्या मदतीने तयार झाली आणि तिच्या डिझाइनची नोंदणी सैन्याने स्वतःच्या नावावर केली. त्यामुळे हे डिझाइन परवानगीशिवाय बनवणाऱ्या किंवा विकणाऱ्यावर सैन्य कायदेशीर कारवाई करू शकतं. म्हणजे बाजारात 'ओरिजिनल' म्हणून कुणी ही वर्दी विकत असेल तर लांब राहिलेलंच बरं.

पदकांसाठी वेगळा नियम आहे. सैन्य कायदा, 1950 च्या कलम 54 नुसार, या कायद्याखाली येणाऱ्या व्यक्तीने स्वतःला मिळालेलं पदक विकणं किंवा गहाण ठेवणं गुन्हा आहे.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. 100 वर्षं जुनी ऐतिहासिक वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्यात पुरावशेष ठरू शकते आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. पहिलं महायुद्ध 1918 मध्ये संपलं. पणजोबांची त्या काळातली वर्दी अमेरिकेतल्या ग्राहकाला कुरिअर करण्याआधी हा कायदा बघायलाच हवा.

सेट फुटला की काय होतं?

व्यापाऱ्याच्या दृष्टीने अख्खी ट्रंक एकत्र विकण्यापेक्षा तुकडे विकणं सोपं. पदकं एकाला, बेरे दुसऱ्याला, मेस ड्रेस नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्याला. पैसे मिळतात, पण माणूस हरवतो. नाव नसलेला कोट मग 'कुणातरी कर्नलचा कोट' होतो.

याच्या उलट, नाव असलेली वस्तू परतही येऊ शकते. नाईक किरपा राम यांनी 1945 मध्ये सोबत्यांना वाचवताना जीव दिला आणि त्यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. 2002 मध्ये ते पदक हिमाचल प्रदेशातल्या त्यांच्या पत्नीच्या घरातून चोरीला गेलं. 2009 मध्ये ते लंडनच्या एका लिलावाच्या यादीत दिसलं. भारतातून हरकत घेतल्यावर लिलाव थांबला आणि कायदेशीर प्रक्रियेनंतर पदक कुटुंबाकडे परतलं. हे पदक कुणाचं, हे सिद्ध करता आलं म्हणूनच हे घडलं.

घरात अशी ट्रंक असेल तर?

पहिलं काम यादीचं. काहीही हलवण्याआधी प्रत्येक वस्तूचा आणि पदकाच्या कडेचा फोटो काढावा, क्रमांक लिहून घ्यावा. हे फोटो सोशल मीडियावर टाकताना मात्र सैन्य क्रमांक आणि कागदपत्रं झाकावीत.

पदकं ब्रासोने चकाचक करू नयेत, घासून घासून कडेवरचं नाव पुसट होतं. लोकरी कोटाला कसर लागते, त्यामुळे तो प्लास्टिकमध्ये कोंडू नये, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळावा आणि अधूनमधून हवा द्यावी.

घरी ठेवणं शक्य नसेल तर त्या अधिकाऱ्याच्या रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहावं. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावला आहे, रणगाड्यांचं संग्रहालय अहिल्यानगरला आहे. प्रत्येक संग्रहालय प्रत्येक वस्तू घेईलच असं नाही. पण देताना फोटो, पत्रं आणि नोकरीचा तपशील सोबत दिला तर वस्तू स्वीकारली जाण्याची शक्यता वाढते.

आणि अधिकारी हयात असतील, तर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे रविवारी त्यांच्यासोबत ट्रंक उघडून बसणं. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावायचं आणि एकेक वस्तू हातात देऊन विचारायचं, हे कुठलं? कोणती रिबन कशासाठी मिळते, ते इंटरनेटवर सापडतं. ती मिळाली त्या दिवशी काय झालं होतं, ते फक्त त्यांनाच माहीत असतं.