निकालाच्या दिवसापूर्वीं

कचेरींत, पेढींत वा सहकारी संस्थेंत लेखणीनें घडलेल्या अपराधाचा खटला वर्षानुवर्षें चालतो. आरोपी जामिनावर असतो. घरीं जेवतो, सणवार करतो. पुढची तारीख म्हणजे आणखी एक तारीख, अशी घरच्यांची समजूत होऊन बसते. ती किती घातक आहे, हें नागपूरकरांनीं सदरलगतच्या सिव्हिल लाइन्समधील न्यायालयांत पाहिलें आहे.

नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या सरकारी रोख्यांचें प्रकरण २००२ सालचें. निकाल लागला २२ डिसेंबर २०२३ रोजीं. बँकेचे माजी अध्यक्ष व त्या वेळचे आमदार सुनील केदार यांच्यासह सहा जण दोषी ठरले, तिघे सुटले. आणि त्याच दिवशीं पांच वर्षांची सक्तमजुरी सुनावण्यांत आली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें केदार यांस जामीन दिला तो ९ जानेवारी २०२४ रोजीं. खटल्याच्या गुणदोषांविषयीं आम्हांस कांहीं म्हणावयाचें नाहीं; बोलावयाचें आहे तें मधल्या अठरा दिवसांविषयीं.

अमेरिकेंतील संघीय न्यायालयांत दोषी ठरणें व शिक्षा होणें यांत बहुधा कांहीं महिने जातात, आणि पुष्कळदां अमुक दिवशीं तुरुंगांत हजर व्हा, अशी मुदतहि मिळते. आपल्याकडे तशी सवड गृहीत धरूं नये. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल व आरोपी जामिनावर असेल, तर अपिलापुरता जामीन तेंच न्यायालय देऊं शकतें. त्याहून अधिक असल्यास वरच्या न्यायालयाकडेच जावें लागतें, आणि तोंवर मुक्काम वर्धा मार्गावरील मध्यवर्ती कारागृहांत.

म्हणून तयारी निकालाआधींच हवी. शिक्षेच्या प्रमाणाविषयीं आरोपीचें म्हणणें न्यायाधीश ऐकून घेतात. वय, आजार, अवलंबून असलेलीं माणसें, परत भरलेली रक्कम यांचे कागद त्या घटकेस हाताशीं असावेत. औषधांची लेखी चिठी बरोबर ठेवावी. सत्र न्यायालयांत अपील करण्यास तीस दिवस असतात. वकील व खर्च यांची तजवीज आधींच व्हावी. घरभाडें, विमा, मुलांच्या फिया यांसाठीं विश्वासू माणसाच्या नांवें मुखत्यारपत्र करावें. मात्र वसुली टाळण्यासाठीं दागिने व जमीन नातलगांच्या नांवें करूं नये. त्यानें एका संकटाचीं दोन होतात. पूर्वीं कोठडींत काढलेले दिवस शिक्षेंतून वजा होतात, त्यांचा हिशेब वकिलाकडे द्यावा. सक्तमजुरींत काम करावें लागतें व त्याचा मोबदलाहि मिळतो, एवढें ठाऊक असलें तरी निम्मी धास्ती ओसरते.

पण सर्वांत अवघड तयारी घरांतली. कर्त्या पुरुषानें पत्नीपासून कर्जाचा आंकडा लपवावा, वडिलांस ‘कांहीं होत नाहीं’ म्हणून सांगावें, आणि मुलांना तें वर्तमानपत्रांतून कळावें, याहून मोठी शिक्षा कोणतेंहि न्यायालय देत नाहीं. एकत्र कुटुंबाचें बळ येथेंच कामास यावें. धाकट्या भावानें व्यवहार पाहावे, वहिनीनें मुलांना जवळ करावें, आणि भेटीच्या दिवशीं कोणी जावें हें आधींच ठरवावें. पत्नी एकटीच जाते व बाकीचे माना खालीं घालतात, तें घर खरें दोषी. अपराधाची लाज वाटावी, ती योग्यच. परंतु तुरुंगांतील माणसास भेटण्याची लाज वाटूं नये.