फुजी पाहिला, शेजार राहिला

जपानांत चार-चार, पांच-पांच वर्षें राहून परत आलेल्या आपल्या लोकांशीं बोलावें, किंवा त्यांनीं लिहिलेलीं प्रवासवर्णनें वाचावीं, तर एक चमत्कारिक गोष्ट प्रत्ययास येते. फुजीचें शिखर त्यांनीं पाहिलेलें असतें. क्योटोचें सुवर्णमंदिर आणि नाराचीं हरणें यांचीं छायाचित्रें त्यांच्यापाशीं असतात. परंतु ज्या विभागांत त्यांचें बिऱ्हाड होतें त्यासंबंधीं प्रश्न केला, कीं स्टेशन, वाण्याचें दुकान आणि कचरा टाकण्याचे वार यांपलीकडे उत्तर मिळत नाहीं. परदेशांत राहणें म्हणजेच परदेश पाहणें, हा गैरसमज आतां मोडलाच पाहिजे.

टोकियोच्या एडोगावा विभागांतील निशी-कासाई हें उदाहरण घ्या. २००० सालच्या सुमारास संगणकाच्या कामानिमित्त गेलेल्या भारतीयांनीं तेथें वस्ती केली, आणि त्यांत मराठी कुटुंबेंहि आहेत. यांपैकीं कितीजणांस ठाऊक आहे, कीं स्टेशनाच्या दक्षिणेकडील सेइशिनचो व रिनकाईचो या वस्त्या समुद्रांत भराव घालून उभ्या राहिल्या? कासाईचे कोळी या किनाऱ्यावर मासे धरीत आणि नोरी नांवाचें समुद्रशेवाळ पिकवीत. १९६२ सालीं त्यांनीं मासेमारीचे हक्क सोडले, पुढें भराव पडला, आणि १९७९ सालीं निशी-कासाईचें स्टेशन उघडलें. पश्चिमेची आराकावा पाहणाऱ्यास निसर्गनिर्मित वाटते; वस्तुतः १९१० च्या महापुरानंतर माणसांनीं खणलेलें तें पात्र आहे, आणि तें काम १९३० सालीं पुरें झालें.

ही केवळ हौसेची माहिती नव्हे. हा जीविताचा प्रश्न आहे. एडोगावा विभागाची सुमारें सात-दशांश जमीन भरतीच्या पातळीखालीं आहे. तेथील पालिकेनें २०१९ सालीं पुराचा जो नकाशा प्रसिद्ध केला, त्याच्या मुखपृष्ठावर, येथें थांबूं नये, अशा अर्थाचे शब्द छापलेले आहेत. महापूर आल्यास पाणी आठवडा-दोन आठवडे ओसरणार नाहीं, म्हणून वेळींच विभाग सोडून जावें, असा त्याचा अभिप्राय. हा नकाशा ज्यानें उलगडला नाहीं, आणि भूकंपाच्या वेळीं आश्रयासाठीं ठरविलेली शाळा कोठें आहे हें ज्यानें चालत जाऊन पाहिलें नाहीं, त्याच्या क्योटोच्या छायाचित्रांचें आम्हांस कौतुक वाटत नाहीं. जपानांतील पुष्कळ गांवांतून रोज सायंकाळीं ध्वनिक्षेपकावरून एक गोड चाल वाजते. तिला जपानी हळवेपणाचें प्रतीक म्हणणें सोपें आहे. परंतु आपत्तीची सूचना देणारें यंत्र चालू आहे कीं नाहीं, याची ती रोजची परीक्षाहि असते. ज्याला चाल आवडली पण अर्थ कळला नाहीं, त्याचें त्या गांवांतील राहणें हें राहणें नव्हे, नुसता मुक्काम होय.

यावर ठरलेल्या सबबी पुढें येतात. आम्ही चार दिवसांचे पाहुणे. कामांतून सवड नाहीं. भाषा येत नाहीं. सवड नाहीं म्हणणारा मनुष्य क्योटोसाठीं मात्र सुट्टी काढतो. आणि भूकंप कांहीं पाहुणा कोण व रहिवासी कोण याची चौकशी करून येत नाहीं. भाषेची सबब तर महाराष्ट्रांतूनच गेलेल्या योगेंद्र पुराणिक यांनीं निकालांत काढली आहे. २०१९ सालीं ते याच एडोगावा विभागाच्या सभेवर निवडून गेले. प्रत्येकानें निवडणूक लढवावी असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु चोनाइकाइ म्हणजे शेजाऱ्यांचें मंडळ; त्याच्या सफाईच्या किंवा आपत्तीच्या कवाइतीच्या दिवशीं हजर राहण्यास कोणाचें मत मिळवावें लागत नाहीं.

याहून घातक वर्ग स्तुतिपाठकांचा. स्वच्छता आणि शिस्त जपानी रक्तांतच आहे, असें हे लोक परत येऊन सांगत सुटतात. त्यांनीं आपल्याच विभागांतील फुरुकावा पाहिली असती तर हें वाक्य त्यांच्या तोंडून निघालें नसतें. कोणे एके काळीं नावांची वर्दळ असलेला हा जलमार्ग महायुद्धानंतरच्या वर्षांत सांडपाण्याचें गटार बनला होता. हेंच जपानी रक्त तेव्हांहि त्या गटाराच्या कांठीं राहत होतें! तो बुजवून टाकण्याऐवजीं स्वच्छ करून त्यांत पुन्हां पाणी खेळवावें, असें ठरलें, त्यासाठीं खर्च झाला, आणि १९७३ सालीं तेथें पाण्याकांठची बाग झाली. अशा प्रकारची ती जपानांतील पहिलीच. येथें रक्ताचा संबंध कोठें आला? हा निर्णयाचा आणि चिकाटीचा विषय आहे. पण रक्ताचें नांव घेतलें कीं आपल्या ओढ्यानाल्यांची जबाबदारी आपोआप टळते. स्तुतिपाठकांस हेंच सोयीचें पडतें.

आमची मागणी मोठी नाहीं. फुजी अवश्य पाहावा. परंतु परदेशीं बिऱ्हाड करणाऱ्यानें आठवड्यांतील एक सायंकाळ, गाडींत न बसतां, आपल्या घराभोंवतीं हिंडण्यांत घालवावी. पाणी कोठून येतें, कोठें जातें, पूर्वी येथें कोण राहत असे, संकट आल्यास आपण कोणाचें दार ठोठवावें आणि आपलें दार कोण ठोठावील, एवढें त्यानें विचारून घ्यावें. मग त्यानें जपानवर पुस्तक लिहावें. तें आम्ही आनंदानें वाचूं. तोंपर्यंत शिखरांचीं आणि देवळांचीं वर्णनें मार्गदर्शिका लिहिणाऱ्यांसच करूं द्यावींत.